पहिला अल्बम काढताय? आधी क्लिक लावा, मग स्टुडिओ बघा

दर वर्षी सेमिस्टर संपलं की कुठल्यातरी कॉलेजच्या बँडमधलं एखादं पोरगं पेन ड्राईव्ह घेऊन येतंय आणि म्हणतंय, दादा, मिक्सिंगमध्ये काहीतरी गडबड झालीय, जरा बघ की. मी ऐकतो. मिक्सिंगमध्ये काही गडबड नसते. गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत सुरू झालेलं असतंय आणि १०४ वर संपलेलं, बेस जरासा उतरलेला, आणि गाणाऱ्यानं तिसरं कडवं रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओच्या पायरीवर बसून लिहिलेलं. हे आता कोणी दुरुस्त करायचं? पैसे संपलेले असतात, ड्रमरला पुण्यात नोकरी लागलेली असते, आणि पोस्टरवर तारीख छापून झालेली असते.

म्हणून हे लिहितोय. रॉक म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही. दोन गिटार, बेस, ड्रम, एक गाणारा, जवळ एक लॅपटॉप आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक-गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा), एवढं धरून चाललोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठलेही असा, गाडी घसरायच्या जागा त्याच आहेत.

१. गाणी कमी करा, शब्द पक्के करा

पहिल्या अल्बमला सहा ते आठ गाणी पुष्कळ झाली. तुमच्याकडं बारा असतील तर चार बाजूला ठेवा, आणि कुठली ठेवायची यावर भांडण होणारच, तेव्हा एक सोपी परीक्षा घ्या. प्रत्येक गाणं एका साध्या गिटारवर नुसतं म्हणून बघा, डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा तो फाटका जाड आवाज नाही, ड्रम नाही. दीड मिनिटात तुम्हालाच कंटाळा आला तर ऐकणाऱ्याला चाळीस सेकंदांतच येणार.

आता शब्द. इथं थोडं थांबतो, कारण मराठी रॉकमध्ये सगळ्यात जास्त घाण इथंच होते. आपल्या पोरांना चाल आधी सुचते, ती पण इंग्रजीसारखं काहीतरी अगडबगड गुणगुणत, आणि मग त्या मापात मराठी कोंबली जाते. ‘घर’, ‘मन’, ‘दार’ असले शब्द बोलताना व्यंजनावर थांबतात. त्यांच्या शेवटावर चार मात्रांचा सूर धरला की तोंडातून ‘घरंऽऽ’, ‘दारंऽऽ’ बाहेर येतंय. एका घराची दहा घरं झाली! उपाय दोन. एकतर लांब सुराच्या जागी आ, ए, ओ वर संपणारा शब्द ठेवा, ‘वारा’, ‘सारे’, असं काहीतरी. नाहीतर सूर आतल्या स्वरावर ओढा, ‘दाऽऽऽर’, आणि र फक्त शेवटी टेकवा. ‘पाऊस’ शब्द सगळ्यांनाच लई आवडतो, पण शेवटचा स लांबवला की माईकमध्ये नुसता साप सोडल्यासारखा आवाज येतो.

दुसरं, भाषा एक ठेवा. घरात ‘कुठं जालास’ म्हणणारा माणूस माईकपुढं उभारला की एकदम ‘कुठे चाललास तू’ म्हणायला लागतोय, आणि पुढच्याच ओळीत ‘कवा’ येतंय. आपली बोली घेतली तरी चालतंय, पुस्तकी घेतली तरी चालतंय. एखादं कडवं कन्नडमध्ये असेल तर फारच चांगलं, फक्त ते घरी कन्नड बोलणाऱ्या मित्राला आधी म्हणून दाखवा, तो हसला तर बदला.

तपासा: प्रत्येक ओळ मेट्रोनोमवर नुसती बोला, गाऊ नका. बोलताना ज्या अक्षरावर जोर येतोय त्याच अक्षरावर ठोका पडतोय का? नसेल तर शब्द बदला, चाल नको.

२. मोबाईल डेमो आणि क्लिक

स्टुडिओचं नाव काढायच्या आधी सगळी गाणी प्रॅक्टिसच्या खोलीत मोबाईलवर रेकॉर्ड करा. आवाज घाण येणार, येऊ द्या. त्यातून तीन गोष्टी काढायच्या: गाण्याचा खरा वेग, पट्टी, आणि बांधणी म्हणजे कुठं कडवं, कुठं ध्रुवपद, मध्ये किती बार म्हणजे ठोक्यांची आवर्तनं. वेग काढायला टॅप टेम्पोचं कुठलंही फुकट ॲप चालतं. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा मोजा. तिन्ही आकडे एक येणार नाहीत, पैजेवर सांगतो.

हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. गाण्याचं नाव, बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके, पट्टी, गिटारचं ट्यूनिंग, बारांची संख्या. आमच्या वेळी हा कागद नव्हता, त्यामुळं एका गाण्यात मी गिटार अर्धा सूर उतरवून बसलो होतो आणि बेसवाला नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये. अख्खी दुपार आम्ही केबलला शिव्या घालत होतो.

मग क्लिक, म्हणजे वाजवताना कानात चालू ठेवायचा मेट्रोनोम. ड्रमर लोक याला जाम घाबरतात, क्लिकनं फील जातो म्हणतात. फील जात नाही, फक्त आपण कुठं पळतोय ते कळतं. कानात टुकटुक नको वाटत असेल तर त्याऐवजी शेकरचा लूप लावा, त्यावर वाजवणं सोपं जातं. रोज अर्धा तास, निदान दोन आठवडे. आणि ध्रुवपदात तुम्ही मुळातच थोडं जोरात जात असाल तर ते मारून टाकू नका, क्लिकमध्येच तिथं दोन बीपीएम वाढवून ठेवा. स्टेजवर अंगात आलं म्हणून वेग वाढणं वेगळं आणि ठरवून वाढवणं वेगळं.

शेवटी क्लिकवर एक गिटार आणि कच्चा आवाज रेकॉर्ड करा. ही गाईड ट्रॅक. ड्रमर हिच्यावर वाजवणार, त्यामुळं ती घाईत उरकू नका.

सावधान: बांधणी गोठवायची एक तारीख ठरवा. त्यानंतर ‘भावा, इथं अजून एक सोलो टाकूया की’ असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

३. मैत्री आहे तोवरच सह्या करा

एक साधा कागद. प्रत्येक गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती टक्के, आणि कोणी बँड सोडला तर पुढं काय. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या कायद्यानं तीन वेगळ्या वस्तू आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ते करून घ्यायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि रेकॉर्डिंगचा पहिला हक्क साधारण त्याचाच धरतात. त्यामुळं कोणाच्या मामांनी पैसे दिले असतील, किंवा कॉलेजनं दिले असतील, तर ती मदत आहे, उसने आहेत की मालकी, हे तिथल्या तिथं लिहून घ्या. मामा चांगले असतात, मामांचा जावई काय म्हणेल सांगता येत नाही.

कवितेला चाल लावली असेल तर आणखी एक बघा. तुकारामांचा अभंग घ्या, कोण विचारणार नाही. पण अलीकडच्या कवीची कविता असेल तर त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं हक्क वारसांकडं असतात, लेखी परवानगी लागते. ‘आम्ही कवीचं नाव टाकलंय की’ ही परवानगी नव्हे.

बँडचा ईमेल वेगळा काढा आणि पासवर्ड दोघांकडं ठेवा. एका बँडचं अख्खं यूट्यूब चॅनल एका पोराच्या जुन्या नंबरला जोडलेलं होतं, तो नंबर त्यानं बंद केला आणि विषय संपला.

४. तारखा बघा, मुहूर्त नको

आपल्या भागात वर्षातले काही आठवडे रेकॉर्डिंगला बाद असतात, ते आधीच कॅलेंडरवर खोडून टाका.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पत्र्याच्या खोलीत माईक लावायचा विचारच सोडा, आणि दमट हवेत गिटारची मान हलते, ट्यूनिंग टिकत नाही. गणेशोत्सवात गल्लीत ढोल. शिवजयंती आपल्याकडं तिथीनं, वैशाखात, चित्ररथ मिरवणूक रात्रभर. त्या दिवसांत घरी आवाज रेकॉर्ड होत नाहीच, वर भाड्यानं साउंड देणारे सगळे बुक असतात म्हणून लाँचचा कार्यक्रमही त्या सुमारास ठेवू नका. डिसेंबरात बहुतेक वर्षी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतंय, पोलीस बंदोबस्तात गुंतलेले, तेव्हा परवानगीच्या अर्जाला वेळ लागणार हे धरा. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आसपास तर कार्यक्रमच नको, का ते इथं कोणाला सांगायला नको.

मग उरलं काय? सेमिस्टरमधली सुट्टी आणि मार्चच्या आधीचे शनिवार-रविवार. इंटर्नल्सच्या आठवड्यात ड्रमरला बोलावू नका, येतंय पण डोकं तिकडं असतंय.

५. ड्रम: पैसा इथं घाला

माझं सरळ मत आहे. एकच गोष्ट पैसे देऊन करायची असेल तर ड्रम. बाकी सगळं घरच्या खोलीत निभावतं. ड्रमला निदान चार माईक लागतात, किक म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर म्हणजे समोरचा कडक वाजणारा, आणि वर दोन, आणि तुमच्या इंटरफेसला इनपुट दोनच आहेत. शिवाय खोली लागते. गावात असा स्टुडिओ मिळाला तर उत्तम, नाहीतर कोल्हापूर, हुबळी, गोवा, सगळं बेळगावपासून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, दोन दिवस काढून या.

बुक करायच्या आधी फोनवर विचारा: ड्रमकिट तुमचं की आमचं? एका वेळी किती माईक रेकॉर्ड होतात? सगळ्या ट्रॅक वेगवेगळ्या मिळणार का? मी बघितलेले बरेच स्टुडिओ भजनं, भावगीतं, जाहिराती यांना सरावलेले. तिथले लोक कामात पक्के असतात, पण तुमच्या स्नेअरचा दणका त्यांना मोठा वाटतो आणि ते तो बारीक करून देतात. म्हणून तुम्हाला हवा तसा आवाज असलेलं एक गाणं सोबत न्या आणि पहिल्या दहा मिनिटांत ऐकवा.

जाण्याआधी एक-दोन दिवस ड्रमची कातडी बदला आणि ट्यून करा. जुन्या कातडीचा थपथप आवाज कुठलंही सॉफ्टवेअर बदलत नाही. स्नेअर फार वाजत राहत असेल तर त्यावर जुनं पाकीट ठेवा, खरंच, चामड्याचं रिकामं पाकीट, कडेला टेपनं अडकवून. त्यासाठी वेगळा जेल मिळतो पण पाकीट फुकट आहे.

वरचे दोन माईक लावताना एक सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा, दुसरं पहिल्या माईकला, तेवढ्याच मापावर दुसरा माईक. दोन्ही अंतरं सारखी नसली तर स्नेअरचा आवाज दोन माईकांत मागं-पुढं पोचतो आणि एकत्र ऐकताना पोकळ होतो. हे मोजायला अर्धा मिनिट लागतो. आम्ही मोजलं नाही, आणि आमच्या पहिल्या अल्बममध्ये स्नेअर बिस्किटाच्या पुड्यासारखा वाजतोय, आजही.

प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक घ्या. चूक झाली म्हणून मध्ये थांबू नका, शेवटपर्यंत जा. पहिला टेक घाबरलेला असतो, तिसरा दमलेला, दुसऱ्यात बहुतेक काम होतं.

तपासा: निघण्याआधी सगळ्या ट्रॅक तुमच्या डिस्कवर घेऊन तिथंच उघडून बघा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. आणि पुढं घरीही प्रोजेक्ट तेवढ्याच किलोहर्ट्झवर ठेवा, नाहीतर गाणं हळू किंवा जोरात वाजायला लागतं आणि घरात भुताटकी झाल्यासारखं वाटतं.

६. बेस, मग गिटार

क्रम हाच. बेस ड्रमच्या किकवर बसवायचा आणि गिटार बेसवर. गिटार आधी केली की ती सगळी जागा खाते आणि बेसवाला मग मिळेल तिथं वाजवतो.

गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला, हातानं ओढून ताणून घ्या. वाद्य पावसातून किंवा उन्हातून आणलं असेल तर खोलीत तासभर राहू द्या, मग ट्यून करा. आणि प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर. कंटाळा आला तरी.

साधी लाईन नेहमी रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे गिटार थेट इंटरफेसमध्ये, कुठल्याही इफेक्टशिवाय. ॲम्पचा आवाज नंतर सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो, पण डिस्टॉर्शनसकट रेकॉर्ड केलेलं परत मागं नेता येत नाही. स्टेजवर लावता त्यापेक्षा गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, बराच कमी ठेवा, कारण दोन-तीन गिटार एकावर एक आल्या की आपोआप जाड होतं.

रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, डावी-उजवीकडं रुंद ऐकू यायला हवी असेल तर ती खरंच दोनदा वाजवा. एकदाच वाजवून कॉपी-पेस्ट करून जरा सरकवायचं, ही युक्ती सगळ्यांना सुचते. हेडफोनवर भारी वाटतं. मग कोणीतरी एका स्पीकरच्या ब्लूटूथ डब्यावर लावतंय आणि गिटारच गायब.

लेव्हल: मीटर उणे १८ डेसिबलच्या आसपास फिरत राहू द्या, सगळ्यात जोराचा फटका उणे ६ च्या वर जाऊ नये. लाल दिवा लागला तर तो टेक बाद, तो कितीही चांगला असला तरी. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर १२८ वर आणा, मिक्सिंगला बसताना परत १०२४ करा.

सावधान: जुन्या घरांत अर्थिंग नसतं आणि गिटारमध्ये घुंई आवाज येतो. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, ट्यूबलाईट बंद करा, केबल बदलून बघा. पण ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन मोडून घुंई घालवायचा उद्योग कोणी सांगितला तर करू नका. घुंई जाईल, आणि ओल्या फरशीवर उभारून तारांना हात लावलात तर तुम्हीही जाल.

७. आवाज: घरच्यांना विश्वासात घ्या

आमचा गाणारा बेळगावच्या शहापुरात जुन्या घरात वरच्या खोलीत राहायचा. ड्रमरच्या काकूची गादी पाठीमागं उभी केली, समोर कपड्यांचं उघडं कपाट, दाराच्या फटीत टॉवेल. तीन तास घालवून शेवटच्या गाण्याचा टेक जमला. सगळे खूश. रात्री हेडफोन लावून ऐकतोय तर शेवटच्या ध्रुवपदाआधी सगळी वाद्यं थांबतात ना, त्या दोन सेकंदांच्या शांततेत खालच्या कुकरची शिट्टी. एकदम सुरात. काढायचा प्रयत्न केला तर आवाजाची शेपूट जात होती, आणि गाणाऱ्याचा घसा तोवर बसला होता. शिट्टी अल्बममध्ये आहे. लोक विचारतात, ते सिंथ कुठलं वापरलंय.

तर घरात आधी सांगा. कुकर, मिक्सर, पाण्याची मोटर, देवघरातली घंटा. रात्री अकरानंतर बरं पडतं, कुत्री सोडली तर.

गादी गाणाऱ्याच्या पाठीमागं लागते. बहुतेक पोरं ती माईकच्या मागं लावतात, पण माईकचं तोंड गाणाऱ्याकडं आणि त्याच्या पाठच्या भिंतीकडं असतंय, तिथूनच आवाज परत येतो. माईकपासून एक वीत अंतर. ‘प’, ‘फ’, ‘भ’ ला फटका बसू नये म्हणून मध्ये पॉप फिल्टर, नसेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ ओढणी ताणून लावा. कंडेन्सर माईक असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबायचं असतं, हे न दाबता माईक खराब म्हणून परत करायला निघालेले दोघे मला माहीत आहेत.

सलग पूर्ण गाणं चार वेळा घ्या, मग त्यातल्या चांगल्या ओळी निवडून एक जोडा. ओळीओळीनं घेतलं तर गाणं हजेरी घेतल्यासारखं वाटतं. दिवसाला दोन गाण्यांच्या वर नको. आणि आधी मिरची भजी नको, नंतर खा.

तपासा: प्रत्येक टेकनंतर सेव्ह. लाईट जाणारच, आपल्याकडं ती टेकच्या शेवटच्या ओळीलाच जाते. रोज रात्री अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर आणि आठवड्यातून एकदा तिसऱ्या जागी, दुसऱ्याच्या घरी.

८. मिक्सिंगला फाइली देताना

मिक्सिंग म्हणजे सगळ्या ट्रॅकचे आवाज एकमेकांत जुळवणं. स्वतः करणार असाल तर बारीक आवाजात करा, एखादं आवडतं गाणं शेजारी लावून तुलना करत, आणि मधूनमधून मोनो म्हणजे डावं-उजवं एकत्र करून बघा. बाहेर देणार असाल तर हे करा: सगळ्या ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू झालेल्या, २४ बिट वेव्ह, नावं नीट (‘ऑडिओ ४७ फायनल फायनल २’ नको, ‘गिटार डावी’ असं), सोबत बीपीएम, शब्द आणि तुमचा कच्चा मिक्स. त्या कच्च्या मिक्सवरून तुम्हाला काय हवंय ते त्याला दहा फोनपेक्षा लवकर कळतं.

दुरुस्त्या तीन फेऱ्यांतच, असं आधी ठरवा. आणि दुरुस्त्या एकानंच कळवायच्या. पाच जणांनी रात्री पाच व्हॉइस मेसेज पाठवले, प्रत्येकाचं म्हणणं ‘माझं जरा वाढव’, तर तो माणूस बिचारा शेवटी सगळंच वाढवून देतो.

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, त्याबद्दल एवढंच की फार कर्कश करू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) सगळ्यांना आणून ठेवतं, तुम्ही जीव तोडून मोठं केलेलं तिथं परत खाली येतं, फक्त चिरडलेपण उरतं.

९. रिलीजआधी ऐकवा, आणि तोंड बंद ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. मिक्स पक्का करायच्या आधी दहा-बारा जणांना एकत्र बसवून अल्बम ऐकवा. मित्र दोनच. बाकी एखादी मावशी, ज्युनिअर पोरं, भजनी मंडळातला पेटीवाला, साउंडवाला. पेटीवाला नक्की बोलवा, बेसूर जागा त्याला आधी कळते आणि तो तोंडावर सांगतो.

हातात कागद द्या, गाण्यांची नावं लिहिलेला. आणि तुम्ही गप्प बसा. ‘इथं अजून गिटार यायचीय’, ‘हे जरा मुद्दाम असं ठेवलंय’, काही नाही. फक्त कोणाचा हात मोबाईलकडं कधी जातोय ते बघा आणि मिनिट-सेकंद टिपून ठेवा. आमच्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी चौथ्या गाण्यात एकाच जागी पाच जणांनी मोबाईल काढला. दोन मिनिटांचा सोलो होता, माझा. चाळीस सेकंदांवर आणला. वाईट वाटलं का? वाटलं.

नंतर शब्द विचारा. ध्रुवपदातली एक ओळ लिहून दाखवा म्हणा. निम्म्यांना लिहिता आली नाही तर आवाज मिक्समध्ये दबलाय, वाढवा.

मग तोच मिक्स गाडीत लावून खानापूर रोडला एक फेरी, मोबाईलच्या स्पीकरवर एकदा, आणि चहाच्या गाडीवर गोंगाटात एकदा. तिथं बेस कळला नाही तरी चालेल, चाल कळली पाहिजे.

१०. अपलोड

ठरलेल्या तारखेच्या चार आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडं, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडं, सगळं द्या. स्पॉटिफायवर प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर रिलीजच्या निदान सात दिवस आधी ते तिथं पोचलेलं बरं, आणि आदल्या रात्री अपलोड करणाऱ्याला ही संधी मिळत नाही. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाचं नाव नको, परत येतं.

बँडच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच ठेवा, अक्षरन् अक्षर. एका सिंगलला एक आणि अल्बमला दुसरं झालं की तुमचेच दोन कलाकार तयार होतात आणि ऐकणारे दोघांत वाटले जातात. त्याआधी त्या नावाचा दुसरा बँड नाही ना, तेही शोधा. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी म्हणजे १२ अक्षरांचा कोड मिळतो, तो लिहून ठेवा, पुढं डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच कोड द्यायचा असतो, नाहीतर आकडे शून्यापासून. वर्षाची फी भरली नाही तर गाणी खाली उतरवणाऱ्या योजना आहेत, अटी वाचा.

सावधान: नेटवरून उचललेला लूप टाकला असेल तर तोच लूप आणखी हजार जणांनी टाकलेला असतो, आणि यूट्यूबवर तुमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा क्लेम येतो. लायसन्सचा स्क्रीनशॉट जपा, किंवा सरळ स्वतः वाजवा.

११. लोकांपुढं

अल्बमच्या आधी दोन सिंगल, महिन्याच्या अंतरानं. मग अल्बम. सगळं एकदम टाकलं की पहिलं गाणं ऐकून लोक स्टेटस टाकतात आणि बाकीची सात तशीच राहतात.

बातमीसाठी दोनशे शब्दांची टीप आणि एक उजेडातला फोटो, तरुण भारत आणि बाकीच्या दैनिकांच्या स्थानिक कचेरीत स्वतः जाऊन द्या. ‘नव्या पिढीचा बुलंद आवाज’ असलं काही लिहू नका. कोण, कुठल्या कॉलेजचे, गाणी कशाबद्दल, कुठं ऐकायची, बास. केएलई शिक्षण संस्थेच्या वेणुध्वनी ९०.४ सारख्या कम्युनिटी रेडिओलाही विचारा, स्थानिक पोरांना बोलवणं हे त्यांचं कामच आहे.

लाँचचा कार्यक्रम: हॉल आधी, पोलीस परवानगी लगेच, मग पोस्टर. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालचा नियम आहे, त्यामुळं साडेनऊला शेवटचं गाणं धरूनच वेळ आखा. बॅनर लावणार असाल तर महापालिकेची परवानगी घ्या आणि कन्नड मजकूर मोठा ठेवा, त्या दिवशी वाजवायचं डोक्यात असू दे, भांडण नको. अख्खा अल्बम वाजवू नका. पाच आपली गाणी, दोन लोकांच्या ओळखीची, पुरे.

आता प्रतिसाद कसा वाचायचा. पहिल्या आठवड्याचे आकडे तुमच्या वर्गाचे आणि नातेवाइकांचे, त्याकडं बघू नका. चौथ्या आठवड्यात बघा. किती जणांनी गाणं सेव्ह केलं, आणि यूट्यूबच्या आलेखात लोक कुठं सोडून जातात. ३० सेकंद ऐकलं तरच स्पॉटिफायवर ते एक ऐकणं धरतात, म्हणजे तुमचा ४५ सेकंदांचा वाऱ्याचा आवाज असलेला इंट्रो महाग पडतोय. आणि पैशाचं म्हणाल तर २०२४ पासून तिथं एका गाण्याला बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय रेकॉर्डिंगची रॉयल्टी सुरूच होत नाही. तेव्हा मामांना परतफेडीची तारीख सांगू नका.

टीका आली की लगेच उत्तर देऊ नका, वहीत लिहा. एकानं म्हटलं तर त्याची आवड. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तीच गोष्ट म्हटली तर ती खरी, पुढच्या गाण्यात बदला. ‘भारी’, ‘आग’, ‘लई भारी मर्दा’ याला फक्त धन्यवाद म्हणा. खाली मराठी-कन्नड सुरू झालं की ती कमेंट काढून टाका, कोणाच्याही बाजूनं एक अक्षर लिहू नका. आणि दर आठवड्याला मिक्स सुधारून परत अपलोड करायची खाज येते, ती आवरा. चुकीची फाईल गेली असेल तरच बदला.

१२. आवराआवर

हे कंटाळवाणं आहे पण एका दुपारचं काम. प्रत्येक ट्रॅक इफेक्टशिवाय, शून्य सेकंदापासून, वेव्हमध्ये काढून ठेवा, कारण चार वर्षांनी तुमचं सॉफ्टवेअर तो प्रोजेक्ट उघडेलच असं नाही. शब्द, बीपीएमचा तो भिंतीवरचा कागद, सह्यांचा कागद, आयएसआरसी, सगळ्याचे फोटो त्याच फोल्डरमध्ये. दोन डिस्क, दोन घरांत, डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून, पावसाळा काढायचाय त्यांना.

आणि उसन्या वस्तू परत करा. माईक स्टँड, केबल, कोणाचं ते पाकीट. काकूंची गादी आम्ही आठ महिन्यांनी नेऊन दिली, त्यांनी उलटीपालटी करून बघितली, टेपचे डाग बघितले, आणि म्हणाल्या, आता ठेवा तुमच्याकडंच, दुसरा काढणार असालच की.